कोरी फाइल

"मांडीवर ठेवून काम करू नका हं, याचा तळ फार तापतो," कॉलेजच्या आयटी काउंटरवरचा राज म्हणाला होता. मीनल हसली. "पुण्यात चार वर्षं ऑफिसात लॅपटॉपच तर वापरत होते," असं म्हणून तिने मला पिशवीत टाकलं.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांना वर्षभर वापरायला देतात, त्यातला. माझ्या पाठीवर नंबराचं स्टिकर आहे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही, आठवतात ते हात. पहिला मुलगा मला बसमध्ये विसरला होता. दुसरीने परत देताना माझा स्क्रीन पुसून दिला.

मग मीनल आली. मुलगी ईशिता तीन महिन्यांची झाली तेव्हा तिने क्रिमिनल जस्टिस आणि कम्प्युटिंगच्या सुरुवातीच्या कोर्सला नाव घातलं. नवरा विनय हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला असायचा. पहिले काही आठवडे ती भराभर लिहायची. पुराव्याला हात लावण्याआधी फोटो काढायचा, पुरावा कोणी कोणाकडे दिला ते वेळेसकट लिहायचं, हे सगळं ती ईशिताला वाचून दाखवायची. "बघ, तुझी दुधाची बाटली म्हणजे पुरावा नंबर एक."

लिहिणं कधी थांबलं ते मला नेमकं सांगता येतं, कारण मी सगळं नोंदवतो. अकरा नोव्हेंबर, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तिने असाइनमेंटची फाइल उघडली. वर नाव, तारीख. पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. साडेतीनपर्यंत ती मला मांडीवर घेऊन बसायची. माझा तळ तापायचा, पंखा घरघरायचा. तिच्या मांडीवर लाल चट्टा उठला, तो तिला कळला नाही. ईशिता रडली की ती उठायची, दूध द्यायची, नॅपी बदलायची, परत येऊन बसायची. काहीच चुकत नव्हतं.

"बरी आहेस ना गं?" विनय विचारायचा.

"हो."

"जेवलीस?"

"हो."

दुसरं 'हो' खरं नव्हतं. पहिल्याचं मला ठरवता आलं नाही.

डिसेंबरात वर्गात प्रॅक्टिकल होतं. जोडीदाराचा लॅपटॉप घ्यायचा आणि त्यात गेल्या आठवड्यात काय काय झालं त्याची टाइमलाइन काढायची. मीनलची जोडीदार कस्तुरी. ती लंडनमधल्या हॅरोची, जन्मही इकडचाच.

"माझी शॉपिंग बघून जज नको करू हं," कस्तुरी म्हणाली. मीनलने न वाचताच परवानगीच्या फॉर्मवर सही केली.

नियम एकच होता. दिसेल तेवढंच लिहायचं, माणसाच्या मनातलं आपण ठरवायचं नाही. कस्तुरीने लिहिलं, 'रोज वापर. एकच फाइल. संशयास्पद काही नाही.' तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. मॅडमनी माझा नंबर मोठ्याने वाचून दाखवला. इतकं कौतुक मला आधी कधी मिळालं नव्हतं. मला काही वाटलं नाही.

संध्याकाळी माझ्यावर कस्तुरीचा मेसेज आला. 'तुझा तो फाइल रोज दोन तास ओपन असतो आणि एक पण वर्ड नाही. तू करते काय?'

मीनलने उत्तर द्यायला अकरा मिनिटं घेतली. 'बसते.'

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. कस्तुरी बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून ढोकळा घेऊन आली होती.

"मी रिपोर्टमध्ये राँग लिहिलं," ती म्हणाली.

"मार्क तर मिळाले ना तुला?"

"मिळाले. तरी राँग."

तिने मला मीनलच्या मांडीवरून उचलायला तळाला हात लावला. हात चटकन मागे घेतला, मग दोन्ही हातांनी धरून टेबलावर ठेवलं.

"इतका हॉट आहे हा. तुला भाजत नाही?"

"माहीत नाही."

कस्तुरीने मीनलचा फोन उचलून तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "ओके. ईशिताला मी घेते. तू तुझ्या डॉक्टरला, जीपीला फोन कर. मी इकडेच आहे."

"सांगू काय त्यांना?"

"मला सांगितलं ते. रोज नुसती बसते म्हणून."

फोनवर बराच वेळ होल्डची तीच धून वाजत राहिली. कस्तुरीने ईशिताला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारल्या. मीनलने फोन ठेवला नाही.

आता ती दर गुरुवारी एका समुपदेशक बाईंकडे बोलायला जाते, ती वेळ तिने माझ्यातच नोंदवली होती. कोर्स तिने यंदापुरता थांबवला आहे. मी परत कॉलेजच्या कपाटात आलो. ती बरी आहे का, हे मला इथून कळत नाही. माझ्यात फक्त नोंदी आहेत.

मित्रांनो, मला जपून वापरा, हे सांगायचंच होतं. पण ते राहू द्या. तुमच्या ओळखीत एखादी असेल, घरी लहान बाळ असलेली, जिचं सगळं वेळच्या वेळी होतं. आज तिच्याकडे जा. आणि तिने दार उघडलं की लगेच निघू नका.