साखळीवाले बोलत नाहीत

क्रास्ना गावातल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल मैदानावर रुडी वोंद्रा वीसेक वर्षं खांब धरून उभा राहत आला होता. आपल्या संघाने किती यार्ड मजल मारली हे मोजायला रेषेबाहेर एक साखळी आणि तिचे खांब असतात, आणि ते सांभाळायला दर शुक्रवारी गावातली चार माणसं लागतात. पगार शून्य, मान मोठा आणि अट एकच: साखळीवाल्याचं जाकीट अंगात चढलं की तोंड बंद. टाळी नाही, शिवी नाही, पंचाच्या निर्णयावर भुवईसुद्धा वर करायची नाही. रुडीने ही अट इतक्या निष्ठेने पाळली की स्वतःच्या पोराने, टेटने, पहिला टचडाउन केला तेव्हाही तो ढिम्म हलला नाही. गावाने त्याचं केवढं कौतुक केलं. चांगला माणूस बिघडायला असलं कौतुक पुरतं.

तर उपांत्य सामन्यात जे झालं ते सगळ्यांत जवळून रुडीनेच पाहिलं. क्रास्ना चार गुणांनी मागे होतं आणि घड्याळात जेमतेम दोन चालींपुरता वेळ उरला होता. टेट बॉल काखेत दाबून रुडीच्या बाजूनेच पळत आला. गोलरेषेच्या अलीकडे विरोधी एल्क फोर्क संघाच्या दोघांनी त्याला गाठलं. तेव्हा टेटने झेप घेतली आणि एका हाताने बॉल पुढे ताणला, कोपऱ्यातल्या छोट्या नारिंगी खांबाकडे. खांबाला हातातला बॉल नुसता टेकला असता तरी सहा गुण मिळून क्रास्ना अंतिम सामन्यात गेलं असतं. पण कोणाचं तरी कोपर लागलं, बॉल सुटला, गोलरेषा ओलांडून पलीकडच्या पट्टीत उडाला आणि तिथून मैदानाबाहेर गेला. कोणीच तो उचलला नाही, कोणी उचलू शकलंही नसतं.

आता नियम असा आहे. सुटलेला बॉल गोलरेषेच्या अलीकडे बाहेर गेला तर तो ज्याच्या हातून सुटला त्याचाच राहतो. आणि रेषा ओलांडून, विरोधकांच्या पट्टीतून बाहेर गेला तर थेट विरोधकांना मिळतो, त्यांनी त्याला बोट लावलेलं नसलं तरी. पंचाने हात हलवून बॉल एल्क फोर्कला दिला. त्यांनी पुढे न पळता, बॉल घेऊन नुसता गुडघा टेकून वेळ संपवली. क्रास्नाचा मोसम संपला आणि टेट खांबाशेजारी गवतात तोंड खुपसून पडून राहिला. रुडी दोन हातांवर उभा होता. पंच बरोबर होता हे त्याला दिसलं होतं. त्याने आपला खांब उचलला आणि नेहमीसारखा जागेवर नेऊन ठेवला.

गंमत अशी की सप्टेंबरात हाच नियम क्रास्नाच्या कामी आला होता. तेव्हा शेजारच्या हॅन्सन गावाचा बॉल असाच क्रास्नाच्या पट्टीतून बाहेर गेला होता, आणि धान्याच्या कोठारावर कॉफी पिताना रुडीनेच सगळ्यांना समजावलं होतं, "दुसऱ्याच्या घरात शिरून स्वतःची वस्तू सांभाळता येत नसेल, तर गेली ती. त्यात अन्याय कसला? नियम कडक आहे, पण सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. आधी माहीत असलेला नियम अन्यायाचा नसतो." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. टेटही तिथे होता.

उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, चर्चच्या तळघरात नाश्ता होता. मोसम संपला की खेळाडू पोरं अ‍ॅप्रन बांधून गावाला पॅनकेक आणि सॉसेज वाढतात, बायका कोलाचे नावाचे गोड पाव भाजून आणतात आणि कोच उभा राहून मोसमाबद्दल चार शब्द बोलतो. जिंकलेल्या वर्षी हा सण असतो, हरलेल्या वर्षी तेरावा. रुडीची बायको रुग्णालयात कामावर होती, म्हणून तो एकटाच आला. टेट सिरपची किटली घेऊन टेबलांमधून फिरत होता आणि लोक त्याच्याकडे न बघता ताटं पुढे करत होते.

"वीतभर," म्हातारा अ‍ॅल्विन म्हणत होता. "वीतभर आधी बाहेर गेला असता तर बॉल आपला. वीतभर पुढे गेला तर त्यांचा. आणि त्यांनी काय केलं? काही नाही. झोपा काढल्या."

"सप्टेंबरात तुम्हाला हा नियम गोड लागत होता," कोणीतरी चिमटा काढला.

"सप्टेंबरात माझे दात चांगले होते," अ‍ॅल्विन म्हणाला आणि सगळं टेबल हसलं.

रुडीलाही बरं वाटलं. लोक नियमाला शिव्या देत होते, पंचाला देत होते. देऊ देत, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पोराला कोणी काही म्हणत नव्हतं. आणि कोच अजून बोलायचा होता. कोच म्हणजे ग्लेन कुबिक, रुडीच्या वर्गातला, रुडीच्या लग्नात शेजारी उभा राहिलेला. रुडी त्याच्या बोलण्याचीच वाट पाहत होता, कारण ग्लेनने शब्द दिला होता.

जुलैतली गोष्ट. रुडीच्या अंगणात, ट्रॅक्टरच्या शेडसमोर, ग्लेनने नारिंगी शंकू ठेवला होता आणि रोज संध्याकाळी तो टेटकडून एकच गोष्ट घोटून घेत होता: झेप घे, हात लांब कर, बॉल शंकूला टेकव. पुन्हा. पुन्हा. एका संध्याकाळी रुडीने कुंपणाला टेकून विचारलं होतं, "आणि हात लांब केला आणि बॉल सुटला तर, ग्लेन?"

"तर माझ्यावर ये," ग्लेन म्हणाला होता. "लेका, मी शिकवतोय ना? सुटला तर गावाला मी सांगेन, कोचने सांगितलं होतं म्हणून. टेट, ऐकलंस? तू फक्त हात लांब कर."

टेटने ऐकलं होतं.

ग्लेन उभा राहिला. त्याने पोरांचे आभार मानले, स्वयंपाकघरातल्या बायकांचे मानले, आणि मग म्हणाला, "कालच्या त्या चालीबद्दल सगळे विचारताहेत. नियम वेडगळ आहे, माझ्या हातात असतं तर आधी तोच बदलला असता. पण नियम आहे तोवर आहे. म्हणून तर आम्ही पोरांना पहिल्या दिवसापासून बजावतो, गोलरेषेजवळ बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरा, ताणू नका. हजारदा सांगितलंय. पण पोर पोर असतं. ऐन वेळी हिरो व्हायचा मोह होतो. आपण त्याला माफ करू या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माफ करायला मिळालं की माणसांना किती मोठं झाल्यासारखं वाटतं.

रुडीने काटा ताटात ठेवला. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग टेटकडे नजर गेली आणि कळलं, चुकीचं ऐकलं नाही. पोरगा किटली हातात धरून कोचकडे बघत उभा होता, कानशिलं लाल झालेली, आणि किटलीतलं सिरप बुटावर सांडत होतं ते त्याच्या गावी नव्हतं. मग त्याने मान वळवली आणि बापाकडे पाहिलं.

"रुडी," अ‍ॅल्विनने टेबलापलीकडून विचारलं, मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, "तू तर तिथेच होतास. पोराने हे स्वतःच्या डोक्याने केलं का रे?"

ग्लेनने कॉफीचा कप उचलला आणि त्यात बघत राहिला. आता बोलायचं होतं, एकच वाक्य, तेही खरं. आणि रुडी वोंद्राच्या तोंडून वीस वर्षांच्या सवयीने जे बाहेर पडलं ते असं:

"साखळीवाले बोलत नाहीत, अ‍ॅल्विन."

लोक हसले. कोणीतरी टेबलावर थाप मारली. असा माणूस मिळणार नाही, कोणीतरी म्हणालं. टेटने किटली खाली ठेवली, अ‍ॅप्रन सोडून घडी करून खुर्चीवर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेला.

ग्लेनला रुडीने बाहेर गाड्यांपाशी गाठलं.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता." ग्लेनने नाकारलं नाही, हे जास्त वाईट होतं. "मंगळवारी शाळेची समिती बसतेय, रुडी. पुढच्या वर्षी आपली शाळा हॅन्सनच्या शाळेत विलीन होणार. संघ एक, कोच एक. ते त्यांचा घेतील नाहीतर मला. शेवटच्या चालीत पोराला बॉल ताणायला शिकवणारा कोच कोण घेईल? टेट अजून एक वर्ष खेळणार आहे. लोक विसरतील. मला दुसरं काय येतं?"

"मग मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाला असतास?" ग्लेनने त्याच्या दंडावर हात ठेवला. "पण आत तू सांभाळून घेतलंस. मला वाटलंच होतं, तू समजून घेशील. उपकार झाले, लेका."

शिवी दिली असती तर रुडीने पचवली असती. हे आभार त्याला पचेनात. दंडावरचा हात झटकून तो परत तळघरात गेला, सगळ्यांना सांगायला. पण नाश्ता आटपला होता. खुर्च्या भिंतीला लागल्या होत्या आणि बर्निस, जी या स्वयंपाकघरावर चाळीस वर्षं राज्य करत आली होती, एकटी टेबलं पुसत होती.

"ग्लेननेच त्याला शिकवलं होतं," रुडी दारातूनच म्हणाला. "बॉल ताणायला. माझ्या अंगणात. जुलैभर. मी स्वतः ऐकलंय."

बर्निसने फडकं पिळलं. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अरे, तुझं अंगण हमरस्त्यावर आहे, रुडी. अख्खा उन्हाळा तो नारिंगी शंकू आणि ती दोघं आम्हाला दिसत होती. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग कोणी बोललं का नाही?"

"कोच हॅन्सनचा झाला तर आपल्या पोरांना बाकावर बसवतील, ही भीती सगळ्यांनाच. म्हणून आळीमिळी गुपचिळी." तिने टेबलाचा तोच कोपरा पुन्हा पुसला. "तरी अ‍ॅल्विनने विचारलं ना तुला? तो काही इतका बहिरा नाही. तू बोलला असतास तर चारजण तुझ्यामागून बोलले असते. पण पोराचा बापच बोलत नाही म्हटल्यावर आम्ही कशाला तोंड उघडायचं?"

रुडीने गाडी काढली. टेट रस्त्याच्या कडेने घराकडे चालला होता, कापलेल्या मक्याच्या शेताला लागून, जाकिटाशिवाय. रुडीने गाडी त्याच्या बरोबरीने हळू चालवली आणि काच खाली केली.

"बस आत. थंडी आहे."

टेट चालत राहिला.

"मी सांगितलं. आत जाऊन सांगितलं सगळं."

"कोणाला?"

"बर्निसला."

टेटने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. मग रस्त्याकडे बघतच तो बोलला.

"बॉल माझ्या हातून गेला, डॅड. तो त्यांना मिळाला ते बरोबरच झालं. मला तो नियम माहीत होता. तुम्हीच म्हणाला होतात ना, आधी माहीत असला की अन्याय नसतो."

"हो."

"आजचा नियम मात्र माहीत नव्हता, जाकीट अंगात नसलं तरी तुम्ही बोलत नाही हा."

पोरगा पुढे चालत राहिला, आणि गाडी त्याच्या मागे, घर येईपर्यंत, त्याच्याच चालीने सरकत राहिली. शेडसमोर तो नारिंगी शंकू अजून उभा होता. टेट त्याला वळसा घालून घरात गेला.