यंदाचा गहू

"मृणालिनीताई, ही पोळी जरा घडी करून दाखवा बरं." कर्णिक आजोबांनी डबा काउंटरवर आपटला. "सकाळी साडेनऊला नेली आणि एक वाजेपर्यंत तिचा पुठ्ठा झाला. अहो, माझे दात आधीच भाड्याचे आहेत!"

रांगेतली माणसं हसली. मृणालिनीताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आत वळून हाक मारली, "शैला, काय चाललंय काय? हात बदलला का तुझा?"

शैला म्हणजे माझी आई. दादरच्या त्या पोळी-भाजी केंद्रात ती सतरा वर्षं पोळ्या लाटत होती, रोजच्या साडेतीनशे. घरी आम्ही चपाती म्हणतो, पण केंद्राची पायरी चढली की तिच्या तोंडात आपोआप पोळी यायची. दहावीच्या आधीची मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून मी पुड्या बांधायला जात होते. हात बदलला म्हणे! माझं डोकंच सटकलं.

"ताई, नवा गहू पाणी जास्त मागतोय," आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी दोनदा बोलले तुम्हाला."

"एका परातीला दोन तांबे. माझ्या सासूबाईंपासून हेच माप आहे. सैल कणीक भिजवायची आणि लाटताना पीठ उधळत बसायचं, मला नाही चालणार."

आईने पुढची पोळी लाटायला घेतली. तिचं हे ऐकून घेणं मला सहनच होत नाही. परळला चालत घरी जाताना मी तिला पकडलं.

"तू भांडत का नाहीस गं?"

"भांडून चपाती मऊ होते काय?"

"पण तुझी चूक नाहीये!"

"ते मला म्हाईत हाय. ताई म्हणाल्या, महिनाभरात तक्रारी थांबल्या नाहीत तर दुसरी बाई बघू." हे तिने इतकं सरळ सांगितलं, की जणू उद्या पाणी उशिरा येणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी तडक लालबागला रामजीशेठच्या दुकानात गेले. केंद्राचा गहू तिथूनच यायचा. रामजीशेठ कच्छी, पण जन्म लालबागमधला. "तुझी आई खरं बोलते, बेटा," ते म्हणाले. "गेल्या साली पाऊस दिवाळीपर्यंत हटलाच नाय. सोयाबीन शेतात सडत उभा. शेत मोकळं झालं नाय, तर गहू पेरणार कुठे? पेरणी गेली डिसेंबरात. मग दाणा भरायच्या टायमाला मार्चचं ऊन असं पडलं, की दाणा भरायच्या आधीच पिकला. बघ." त्यांनी दोन पुड्या उघडल्या. दर वर्षीच्या मालातली एक मूठ ते तारीख टाकून जपून ठेवतात. गेल्या वर्षीचा दाणा गुबगुबीत होता, यंदाचा सुरकुतलेला.

"मग लोक आधी पेरत का नाहीत? लवकर तयार होणारा सोयाबीन का नाही लावत?"

"ते तू सरकारला विचार. मला विचारशील तर किलोचा भाव सांगतो."

दोन्ही पुड्या मी वजन करायला मागून आणल्या. शाळेची प्रयोगशाळा बंद होती. पण आमच्या चाळीखाली सोनार आहे ना! दोन्ही पुड्यांतले हजार-हजार दाणे मी जमिनीवर बसून मोजले, मान मोडून गेली. सोनारकाकांनी त्यांच्या काट्यावर गेल्या वर्षीचे ठेवले, एक्केचाळीस ग्रॅम. यंदाचे बत्तीस. दाण्यात पीठ कमी आणि कोंडा तेवढाच. कोंडा हळूहळू पाणी पीत बसतो, म्हणून पोळी तव्यावरून मऊ उतरते आणि डब्यात कडक होते. आई महिनाभर जे बोटांनी सांगत होती, ते मी काट्यावर सिद्ध केलं होतं! मी सोनारकाकांच्या दुकानात उडीच मारली.

मग काय, भर गर्दीच्या वेळी केंद्रात काउंटरवर दोन्ही वर्षांच्या गव्हाच्या दोन वाट्या ठेवून मी भाषण ठोकलं. पाऊस, सोयाबीन, मार्च, कोंडा, सगळं. "रेशनवर गव्हाच्या जागी तांदूळ का देतायत माहितीय? पिकलाच कमी! आणि दोष कुणाला? लाटणाऱ्या बाईला!"

कर्णिक आजोबांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास गं पोरी! मृणालिनीताई, हिच्या आईची माफी मागा."

मृणालिनीताईंनी माफी नाही मागितली, पण म्हणाल्या, "शैला, उद्यापासून पाणी तुझ्या अंदाजाने घे." आठ दिवस पोळ्या अशा आल्या, की रुमालासारखी घडी करा. एकही तक्रार नाही. मी चाळीत नाक वर करून फिरत होते.

नवव्या दिवशी नवी पोती आली. रामजीशेठना एका जागचा पुरेसा माल मिळेना, म्हणून तीन ठिकाणचा गहू मिसळला होता. सकाळच्या परातीला अडीच तांबे लागले, दुपारच्या परातीला दोनच. आई दर परातीला कणीक चिमटीत घेऊन बघायची, थांबायची, पाणी शिंपडायची. पोळ्या उत्तमच झाल्या, पण तासभर उशिरा. बाहेर रांग ओरडत होती.

त्या संध्याकाळी मृणालिनीताईंनी आईला समोर बसवलं. मीही तिथेच होते.

"पोळ्यांचं मशीन घेतेय मी," त्या म्हणाल्या. "कंपनी पीठही देते, त्यांचं त्यांनी मिसळलेलं. वर्षभर एकसारखं, पाऊस कसाही पडो. शैला, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या मुलीनेच सिद्ध केलं ना, हाताचा प्रश्न नाहीच, प्रश्न गव्हाचा आहे. मग दर वर्षी मी कुठल्या गव्हाच्या मागे धावू? भाज्या चिरायला राहा, मला आवडेल."

"असं नव्हतं म्हणायचं मला!" मी ओरडले. "तिचा हात आहे म्हणूनच तर..."

"दीपू." आईने फक्त हाक मारली. मी थांबले. सगळं खरं होतं, मी मोजलेला दाणा न् दाणा खरा होता, आणि त्याच खऱ्याने तिची जागा गेली होती. चिडायचं कुणावर? मृणालिनीताईंवर? रामजीशेठवर? मार्चवर?

"भाज्यांचं उद्या सांगते ताई," आई म्हणाली.

मशीन सोमवारी आलं. माणसाने वरून पीठ ओतलं आणि खालून पोळ्या टपाटप पडू लागल्या, सगळ्या एका मापाच्या. कर्णिक आजोबांनी दुपारी येऊन सांगितलं, "वा, मऊ आहेत हो!" मला ते आजोबा कायमचे नावडते झाले. मीही एक खाल्ली. मऊच होती, त्याचाच जास्त राग आला.

आईनेही एक मागून घेतली. उभ्यानेच, सावकाश, पूर्ण खाल्ली. "चांगली हाय," ती म्हणाली आणि हात धुऊन बाहेर पडली.

घरी न जाता ती लालबागच्या बाजूला वळली. मी मागोमाग. रामजीशेठच्या दुकानापुढे उघडी पोती होती. तिने एका पोत्यात मनगटापर्यंत हात घातला, दाणे बोटांतून गाळले, दुसऱ्या हाताने एक उचलून दाताखाली फोडून पाहिला.

"किती देऊ, शैलाबेन?" रामजीशेठनी तराजू पुढे ओढला.

"नको. नुसतं बघत होते."

हात मात्र तिने बराच वेळ पोत्यातून काढला नाही.