खडीसाखरेचा खडा

परवेज आमच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीत आडवा झाला तेव्हा मास्कमुळे त्यानं मला ओळखलं नाही. त्याच्या आईनं ओळखलं.

"तू अंजुमनी बहीन शे ना? तमन्ना?" अख्तरबानो म्हणाल्या. नंदुरबारच्या मिरची बाजारात अर्धं आयुष्य गेल्यामुळे त्या सगळीकडे अहिराणीच बोलतात.

"हो, खाला," मी म्हणाले. परवेजला म्हणाले, "तोंड उघडा."

दोन वर्षांपूर्वी हे मायलेक अंजुमला बघायला आमच्या घरी आले होते. अख्तरबानोंची एक रीत आहे. मुलीनं चहा ठेवला की तिच्या हातावर खडीसाखरेचा मोठा खडा द्यायचा आणि पुढच्या दातांनी फोडायला सांगायचं. मुलीचं हाड कसं आहे ते दातांवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. अंजुमनं खडा एका दमात फोडला. मग त्या म्हणाल्या, "आते हासी दखाड."

हसून दाखव म्हटल्यावर ती हसली. तिच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. लहानपणी ती आजोळी बोअरचं पाणी प्यायली, त्यात फ्लोराइड जास्त होतं. हे डाग दात घडतानाच आत बसतात, घासून जात नाहीत. दात मात्र पक्के असतात.

नकार दुसऱ्या दिवशी आला. पाठोपाठ चहाच्या टपरीवरून परवेजचं वाक्यही आलं: "ती हासनी का वाटस, पान खाईसन चूळ भरानी राही गयी." आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा ते म्हणू लागली. तेव्हापासून अंजुम हसताना तोंडावर तळवा धरते. घरातही, माझ्यासमोरही.

आता परवेजचं लग्न दोंडाईच्याला ठरलं होतं आणि त्याला वरचे सहा दात पांढरेशुभ्र हवे होते. मोबाइलमधला एका हिरोचा फोटो त्यानं मला दाखवला. "व्हेनियर बसवू का कॅप?"

मी आरसा घालून नीट पाहिलं. दात पिवळट होते, कीड नव्हती. पण वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडा बरोबर एकमेकींवर टेकत होत्या, आणि त्या घासून सपाट झालेल्या होत्या. म्हणजे हा माणूस झोपेत दात खातो. व्हेनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेला, नखासारखा पातळ पापुद्रा. असल्या चाव्याखाली तो किती टिकणार? कॅप दाताला चहूबाजूंनी धरते, जोर सोसते. मात्र तिच्यासाठी दात सगळीकडून कोरून खुंट करावा लागतो. कोरलेला दात परत वाढत नाही.

परवेजचे सहा दात कोरायचे, हा विचार मला आवडला. इतका आवडला की मी सगळं पुन्हा तपासलं. त्याला दोनदा चावायला लावलं, कडांखाली रंगीत कागद धरला. उत्तर तेच आलं. सूड आणि सल्ला, दोन्ही एकच निघाले.

"कॅप बसवा," मी म्हणाले. "तुमच्या चाव्याला व्हेनियर टिकणार नाहीत. दात कोरावे लागतील, पण काम पक्कं होईल. नाहीतर आहेत तेच दात चांगले आहेत, राहू द्या."

अख्तरबानो हसल्या. "कोरावाले बठी शे ही. बहीननं उट्टं काढी ऱ्हायनी."

माझे वरिष्ठ उमाकांत डॉक्टर शेजारच्या खुर्चीवरून उठून आले. त्यांनीही चावा पाहिला आणि तेच सांगितलं.

"तुम्ही तिना सायेब, तुम्ही तिनीच बाजू लेशात," अख्तरबानो म्हणाल्या. "मन्हा पोर्‍याना दात खुंट करशात? व्हेनियरच बसाडा."

कॅप बसवा, हे माझं वाक्य संपायच्या आतच मला माहीत होतं की त्या असंच करतील. मी आणखी समजावलं नाही.

सरांनी एवढंच बजावलं, "पुढच्या दातांनी कठीण काही तोडायचं नाही. झोपताना दातांवर पट्टी घालायची."

"हो, हो," परवेज म्हणाला.

व्हेनियर बसले त्या दिवशी तो आरशात बराच वेळ हसत होता. अख्तरबानो खूश होत्या. होणारी सून कशी आहे ते मला ऐकवण्यासाठी म्हणाल्या, "नवरीनं एक दणकामा खडीसाखर फोडी. दातस्ना रंगबी दूधना मायक. तिन्या बहिनी सांगतस, निकाहना दिन नवरदेवलेबी फोडनी पडी."

परवेज आरशासमोरून हलला नाही. सर हात धूत होते, नळ चालू होता. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं: खाला, खडीसाखर अजिबात नको. लहान वाक्य होतं. मी ते गिळलं आणि ट्रेमधली अवजारं मोजून ठेवली.

निकाहचा व्हिडिओ आमच्याकडे येण्याआधीच गल्लीत पोचला होता. नवरीच्या बहिणींनी, साळ्यांनी, ताटात खडा पुढे केला. परवेज मागे सरकला, हे साफ दिसतं. मागून अख्तरबानोंचा आवाज येतो, "फोड रे. मन्हा पोर्‍याना दात शेतस ते." तो चावतो. कट्कन आवाज होतो, सगळे टाळ्या वाजवतात. मग एक साळी ताटात बघते आणि म्हणते, "जिजाजी, खडा तर आख्खा शे. हाई काय पडनं?"

सोमवारी तो दवाखान्यात आला, तोंडावर तळवा धरून. अख्तरबानो मागोमाग. एका पापुद्र्यासोबत दाताची कडही गेली होती. शेजारच्या दोघांना तडे होते.

"आते काय?" त्यांनी विचारलं.

"आता कॅप," मी म्हणाले. "कोरावं लागेल."

परवेजनं हात खाली घेतला नव्हता. मी ड्रिलला टोक बसवलं, दिवा त्याच्या तोंडावर ओढला आणि म्हणाले, "हासी दखाडा."

दाराजवळच्या बाकावर अंजुम बसली होती, माझा डबा घेऊन आलेली. दिव्याच्या उजेडात परवेज हसला. तिनं मान वाकवून पाहिलं आणि ती जोरात हसली. दोन्ही हात डब्यावर होते. तिच्या दातांवरचे डाग मी दोन वर्षांनी उजेडात पाहिले, अख्तरबानोंनीही पाहिले.

मी पायाखालचं पेडल दाबलं. ड्रिल सुरू झालं.