निळ्याला दहापैकी दहा

कुंडलच्या शाळेतून निवृत्त झालेल्या नाथाजी गुरुजींनी आपल्या आठ वर्षांच्या नातीला, राहीला, एक नवाच धडा शिकवला. पोरीला मधुमेह निघाला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी काचेची नळी, निळ्या औषधाची बाटली अन् स्पिरिटचा दिवा देऊन सांगितलं होतं, "तपासणी रोज घरीच करा. रंग बघून इंजेक्शनचं माप ठरवायचं."

नळीत औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, मग दिव्यावर उकळी. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं-पिवळं झालं तर थोडी. विटकरी झालं तर फार. पोरीला गोडी लागावी म्हणून गुरुजींनी गुणही ठरवले. निळ्याला दहापैकी दहा, विटकरीला भोपळा.

"पोरीच्या मुताला मार्कं देताय व्हय!" राहीची आजी रंगूबाई चुलीपासून म्हणाली. "शाळा सुटली म्हणावं आता तुमची."

महिन्याभरात राही सगळं एकटीच करू लागली. विटकरी आलं की आबांचा चेहरा उतरायचा, आजी डोळ्याला पदर लावायची. श्रावणापासून मात्र नळी रोज निळीच येऊ लागली. गुरुजी वहीत दहा मांडायचे, पाठ थोपटायचे अन् इंजेक्शन कमी करायचे.

पोर वाळत चालली.

"सारखी पानी पितीया. आवं, बगा की जरा!"

"नळी खोटं बोलत नाही," गुरुजी म्हणायचे.

एका सकाळी राहीला उठवेना. धाप थांबेना. जीप करून तिला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. तिथं नर्सनं नळी उकळली. रंग विटकरी. खाटेवरून राहीनं तो पाहिला अन् तोंड भिंतीकडं वळवलं.

"आबा, नापास झाली मी."

गुरुजी खाटेशी वाकले. "राही, घरी नळीत काय घालत होतीस गं?"

"तांब्यातलं पानी." मग घाईघाईनं म्हणाली, "पर आटच थेंब वो. मोजून."

तीस वर्षांत गुरुजींनी कुणाला फुकट गुण दिले नव्हते. त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"पास हायस, बाळा. पहिल्या नंबरानं."

पोर दुपारपर्यंत होती.