घराची जागा शोधणारा तंबू

मित्रांनो, या गोठ्याच्या छपरावर मळकट, ठिगळं लावलेलं जाड कापड पसरलेलं दिसतं ना, ते मी. पावसाचं पाणी अडवायचं, एवढंच आता माझं काम. पण मी जन्माने गोठ्याचं छप्पर नाही. मी एक जुना तंबू आहे. घर कुठे बांधायचं हे एका कुटुंबाने माझ्यात राहून ठरवलं होतं.

पुण्याच्या लष्करी छावणीत, मोठी लढाई चालू असताना मला शिवलं. नथू नावाच्या शिंप्याने मेण लावलेल्या दोऱ्याने माझ्या शिवणी घातल्या. मला जहाजावर चढवून दूरदेशी पाठवायचं होतं, पण त्याआधीच लढाई संपली आणि मी गोदामात घडी होऊन पडलो. पुढे लिलाव झाला. त्यात मला भास्करराव कर्णिकांनी घेतलं.

भास्करराव मुंबईत रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढत. गिरगावात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. त्यांच्या पत्नी वारूताई रोह्याकडच्या, झाडाझुडपांत वाढलेल्या. खिडकीत रॉकेलचे डबे मांडून त्यांनी त्यात जास्वंद आणि गवती चहा लावला होता. आठ वर्षांची कुमुद गॅलरीत येणाऱ्या प्रत्येक चिमणीला नाव द्यायची. तिघांनाही मोकळ्या रानाची ओढ. घाटमाथ्यावर जागा घेऊन छोटं घर बांधावं, मायलेकींनी तिथे राहावं आणि आपण दर शनिवारी गाडीने यावं, असं भास्कररावांनी ठरवलं. लोक दलालाच्या सांगण्यावरून जागा घेत. भास्कररावांना ते पटत नव्हतं. चार रात्री जिथे झोपलो नाही ती जागा आपल्याला कळत नाही, असं ते म्हणत. म्हणून मी.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तळेगावला उतरलो. मोकळा माळ, वर अफाट आभाळ, गवतातून उडणारे चंडोल. पण दुपारी बसायला सावली नव्हती. वारूताई माझ्या दारात बसून म्हणाल्या की इथे झाड लावून ते मोठं होईस्तोवर मी म्हातारी होईन. नाताळात खंडाळ्याला गेलो. दरीच्या काठावर मला उभं केलं. तिथल्या दाट धुक्याने पहाटे माझ्या कापडातून थेंब ठिबकत होते. दरी फार सुंदर होती, पण बंगले आधीच एकमेकांना खेटून उभे राहिले होते. कुमुद म्हणाली की इथले पक्षी सगळे खाली उडतात, आपल्याला नुसत्या त्यांच्या पाठी दिसतात.

मग मे महिन्यात लोणावळ्याहून तुंगार्लीच्या वाटेने जाताना एक राई लागली. जांभूळ, हिरडा, अंजनी अशी जुनी झाडं, त्यांच्या मुळांतून झिरपणारा एक झरा, आणि ऐन उन्हाळ्यातही थंडगार माती. पहाटे काळ्या-निळ्या रंगाचा एक पक्षी माणसासारखी शीळ घालू लागला. कुमुद पांघरुणातून उठून बसली आणि वडिलांना हलवून म्हणाली, "नाना, हेच." वारूताईंना तर सांगावंच लागलं नाही.

राईच्या खालच्या अंगाला ठाकरांची लहानशी वस्ती होती. तिथल्या सारजाबाई आपल्या कमळाला घेऊन करवंदं द्यायला आल्या. कमळा आणि कुमुद एकाच वयाच्या. पहिल्याच दिवशी दोघी झऱ्यात पाय सोडून बसल्या. जमीन कागदोपत्री गावातल्या कोंडाजींची होती आणि ते विकायला तयार होते. पण वस्ती त्याच झऱ्याचं पाणी पीत होती.

सारजाबाई भास्कररावांना म्हणाल्या, "ऱ्हावा की हितं. पर ही झाडं तोडू नका. ह्यांच्या मुळांतनंच आमचं पानी येतंय."

भास्करराव हसून म्हणाले, "सारजाबाई, झाडांसाठीच तर आम्ही इथे येतोय. एकालाही हात लावणार नाही. माझा शब्द."

आणि त्यांनी तो पाळला. एक जांभूळ वाचवायला त्यांनी घराचा पाया बाजूला सरकवला, त्यामुळे एक खोली तिरपी झाली. कौलारू घर उभं राहिलं. घर होईपर्यंत मी तिथेच होतो. मग मला नीट वाळवलं, कडुलिंबाचा पाला घालून घडी केली आणि माळ्यावर ठेवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझं काम झालं होतं. कौलांच्या फटीतून मला अंगण दिसायचं. कुमुद आणि कमळा झाडावर चढलेल्या दिसायच्या. वारूताई आणि सारजाबाई पायरीवर बसून नाचणी निवडायच्या. ती वर्षं फार चांगली गेली.

भास्करराव मनाने उदार होते. सुख आपल्यापुरतं ठेवणं त्यांना जमत नसे. कचेरीतल्या स्नेह्यांना ते सुट्टीत बोलवत, पहाटे उठवून शीळ ऐकवत, झऱ्याचं पाणी ओंजळीने पाजत. आपल्यासारखीच झाडापाखरांची आवड असलेली चार माणसं शेजारी आली, तर केवढी सुरेख वसाहत होईल, असं त्यांना मनापासून वाटे. स्नेही भारावून जात. मग भास्करराव स्वतः त्यांना कोंडाजींकडे नेत. हळूहळू राईत कुंपणं दिसू लागली.

मित्रांनो, आलेल्यांपैकी कुणीही वाईट नव्हतं. सगळ्यांनाच झाडं आवडत होती. एकाने फक्त पायापुरती झाडं काढली. दुसऱ्याने मोटार आत यावी म्हणून वाट रुंद केली. तिसऱ्याच्या घरात ऊन येत नव्हतं. चौथ्याला सापांची भीती वाटायची. प्रत्येकाने आपापली विहीर खणली. कुऱ्हाडीचा आवाज आला की भास्करराव कुंपणापर्यंत जात, काही बोलू पाहत आणि परत येत. ती माणसं त्यांनीच बोलावलेली होती. कसं बोलणार?

एका उन्हाळ्यात झरा आटला. पुढच्या पावसात पुन्हा वाहिला, पण होळीनंतर नुसता चिखल उरू लागला. वस्तीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन लांब जाऊ लागल्या. वारूताईंनी आपल्या विहिरीतून पाणी न्यायला सांगितलं, पण वैशाखात तीही खडखडीत झाली. कोणत्या वर्षी पक्ष्याची शीळ थांबली, ते मला सांगता येत नाही. कुणाच्या लक्षात आलं तेव्हा ती थांबून बरेच दिवस झाले होते. कुमुदचं तोवर लग्न झालं होतं. माहेरी आली की ती पहाटे अंगणात उभी राहून कान द्यायची आणि आत यायची.

शेवटी वस्तीने डोंगरापलीकडे जायचं ठरवलं. सारजाबाई निरोप घ्यायला आल्या. वारूताईंनी मला माळ्यावरून काढायला लावलं आणि म्हणाल्या, "नवीन झोपडी शाकारेपर्यंत पाऊस येईल. हा घेऊन जा." मग म्हणाल्या, "आम्ही इथे आलोच नसतो तर बरं झालं असतं."

सारजाबाईंनी माझी घडी छातीशी धरली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमी एक बी झाड न्हाई तोडलं, वैनी. म्या सांगन कुनालाबी. पर तोडनारं समदं तुमच्याच घरला आलं, च्या प्यालं, आन् मग कुंपन घातलं."

भास्करराव दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

त्या पावसाळ्यात सारजाबाईंचं सगळं घर माझ्याखाली राहिलं. नथूच्या शिवणींनी दगा दिला नाही. नंतर झोपड्या झाल्या आणि मी गोठ्यावर चढलो. दर वर्षी एखादं ठिगळ वाढतं. नातवंडं मला धरून लोंबकळतात.

पुढे दुसरी मोठी लढाई लागली. त्या सुमाराला एकदा भास्करराव काठी टेकत डोंगर चढून इथे आले. वारूताई तेव्हा हयात नव्हत्या. सारजाबाईंना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी आवाजावरून ओळखून बसायला घोंगडी दिली. भास्कररावांची नजर माझ्याकडे गेली. जवळ येऊन त्यांनी माझ्या कडेवरून हात फिरवला. कमळाने तांब्या भरून आणला. तांब्या हातात घेत त्यांनी विचारलं, "पाणी कुठून आणता?"

"खालच्या वढ्यावरनं," कमळा म्हणाली. "एका खेपंत अर्धी सकाळ जाती."

त्यांचे ओठ सुकलेले होते. उन्हात एवढा चढ चढून आले होते. पण त्यांनी तांब्या तोंडाला लावला नाही. तहान नाही म्हणाले, आणि एक थेंबही सांडू न देता तो अलगद खाली ठेवला. थोडा वेळ बसले आणि आल्या वाटेने उतरून गेले. कमळाने ते पाणी पुन्हा हंड्यात ओतलं.

मित्रांनो, मला हलवलं की माझ्याखाली दबलेलं गवत एका पावसात पुन्हा उभं राहतं. घराखालचं गवत उभं राहत नाही. तुम्हीही मोठेपणी कुठेतरी घर बांधाल. हिरवी जागा शोधाल, आणि तशी जरूर शोधा. फक्त तिथे आधीपासून पाणी कोण पितं, हे विचारा. आणि आपल्या कुंपणाबाहेर कुऱ्हाडीचा आवाज आला, तर संकोचाने परत फिरू नका. बोला.