खालच्या आळीचं पाणी

शाळेच्या मैदानात अख्खा गाव मांडी घालून बसला होता आणि प्रत्येक घराच्या पुढ्यात पाण्यानं भरलेला काचेचा एक पेला होता. पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं, असा बाबांचा हुकूमच होता. मागाहून कुणी हातचलाखी म्हणायला नको.

निवांतबाबा रांगांमधून सावकाश फिरत होते आणि प्रत्येक पेल्यात चिमूटभर राख सोडत होते. राख पडली की पाण्यात गुलाबी रंग उतरायचा. बायका हात जोडायच्या.

"डोळे मिटा," बाबा म्हणाले. "मागणं म्हणजे मळणं. जिभेवरची तक्रार घागरीत उतरते. मन निवांत, तर पाणी शांत."

असली यमकं बाबांच्या तोंडी तयारच असायची. अर्थ शोधायला गेलं तर हाती भोपळा, पण ऐकताना मान आपसूक डोलायची.

बऱ्याच वेळानं डोळे उघडायची परवानगी मिळाली. वरच्या आळीचे पेले गुलाबीच होते. खालच्या आळीच्या पेल्यांतला रंग मात्र गेला होता आणि त्या जागी गढूळ, तपकिरी पाणी उभं होतं. सगळ्यांत काळपट पेला शिंपिणीचा. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका जराशा सरकल्या. एवढ्या गर्दीत तिच्याभोवती रिकामं रिंगण पडलं.

शिंपिणीला कारण विचारावं लागलं नाही. नळाच्या पाण्याला वास येतो, हे गावात पहिल्यांदा तीच बोलली होती. मग खालची आळी बोलू लागली. तेवढ्यात निरोप आला, की सरकारी माणसं येणार आहेत आणि पाणी, दवाखाना, रस्ता, दिवे यांबद्दल गावकऱ्यांचं म्हणणं घरोघर ऐकणार आहेत. गावप्रमुखाची झोप उडाली. नळाची पाइपलाइन त्याच्या मेव्हण्यानं टाकली होती. त्याच आठवड्यात निवांतबाबा कुठूनसे अवतरले आणि प्रमुखाच्याच घरी उतरले. या योगायोगाचं कुणाला नवल वाटलं नाही.

त्या सभेनंतर शिंपिणीच्या दारातली वर्दळ थांबली. शिवायला टाकलेले कपडे लोक अर्धवटच परत नेऊ लागले. मग शेजारच्या लोहाराचं तान्हं बाळ जुलाबांनी गेलं. बाळाची आई रडतारडता म्हणाली, की हिच्या जिभेनं माझं लेकरू खाल्लं. शिंपीण दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आवाज न करता कडी लावली.

त्यानंतर तिची स्वतःची मुलगी तापानं फणफणली. सासू तडक बाबांकडे गेली आणि उपाय घेऊन आली: घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, औषधाला शिवायचं नाही आणि पोरीला याच घरचं पाणी पाजायचं, तांब्यामागून तांब्या, म्हणजे शाप धुऊन निघेल. सासू वाईट नव्हती. नातीच्या उशाशी बसून तिनं स्वतःच्या हातानं ते पाणी पाजलं. पोरीचे डोळे खोल गेले. हाक मारली की ती नुसती बघायची.

शिंपीण ते बघत राहिली आणि एका दुपारी तिला राहवलं नाही. तिनं पोरीला खांद्यावर टाकलं, तिची पाण्याची बाटली घेतली आणि भर रस्त्यातून दवाखान्याची वाट धरली. ती पुढे जाईल तशी दारं लागत गेली.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला सलाइन लावलं, औषध दिलं, आणखी एक दिवस उशीर केला असता तर काय झालं असतं तेही सांगितलं. शिंपीण खाली मान घालून ऐकत होती. मग तिनं हळूच विचारलं.

"डॉक्टर, माझी चुलतजाऊ वरच्या आळीत राहते. सकाळी उठल्यापासून कुरकुर करते, माझ्या दसपट. मग तिचं पाणी गुलाबी कसं राहिलं?"

डॉक्टरीणबाई थबकल्या. रंग नेमका कसा होता, किती वेळानं गेला, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग कपाटातून एक बाटली काढली, दवाखान्याच्या पाण्यात जांभळ्या पुडीचा कण टाकला आणि दुसरा कण पोरीच्या बाटलीतल्या पाण्यात. दोन्ही पाणी गुलाबी झालं. दोघी बघत बसल्या. एक तसंच राहिलं. दुसरं हळूहळू मातकट होत गेलं. पोरीच्या पोटात हेच पाणी गेलं होतं.

"हे तुम्ही किंवा मी सांगून कुणी ऐकणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्याच्या तोंडून आजवर तक्रार निघालेली नाही, असं माणूस हवं."

असं माणूस गावात एकच होतं: खुद्द प्रमुखाची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. नवऱ्यापुढे ती वर मान करून बोललेली कुणी पाहिली नव्हती. कपडे शिवून घ्यायला ती शिंपिणीकडे यायची, तेवढीच ओळख. शिंपिणीनं मागच्या दारानं जाऊन तिला सगळं सांगितलं. शिंपीण परत निघाली तेव्हा वहिनींनी एवढंच विचारलं, की लोहाराचं बाळही हेच पाणी पीत होतं का.

पुढची सभा सरकारी माणसं यायच्या आदल्या दिवशी होती. या वेळी गर्दीत कुजबुजसुद्धा नव्हती. तपकिरी पेल्यांच्या शापित घरांना गावाबाहेर काढायचं, असं प्रमुखाच्या ओट्यावर ठरल्याची बातमी सगळ्यांना होती. काही जण काठ्या घेऊनच आले होते. राख पडली, डोळे मिटले गेले.

डोळे उघडले तेव्हा तिच्यापुढचा पेला गुलाबी होता.

बाबा क्षणभर अडखळले, पण गडी तयारीचा. "बघा, मौन फळलं," ते म्हणाले. तेवढ्यात पहिल्या रांगेत कुणीतरी दचकून मागे सरलं. प्रमुखाच्या घरचा पेला तपकिरी झाला होता.

बाबांनी त्या पेल्याकडे पाहिलं, मग प्रमुखाकडे. यमक काही सुचेना. शेवटी ते पुटपुटले, की या पेल्यावर शापित घराची सावली पडली असावी.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की मागच्यांनी माना पुढे काढल्या.

"हे पाणी मी भरलंय. शिंपिणीच्या दारातल्या नळाचं. तिच्यापुढे आहे ते आमच्या घरचं. तेही मीच भरून तिला दिलं. मी तर कधीच काही मागितलं नाही. मग हे का नासलं?"

प्रमुखानं त्यांना खाली बसायला खुणावलं. त्या बसल्या नाहीत.

मग डॉक्टरीणबाई पुढे आल्या आणि त्यांनी सगळ्यांदेखत आपल्या बाटलीतली पूड दोन्ही आळींच्या पाण्याच्या दोन ताज्या पेल्यांत टाकून दाखवली. पूर्वी विहिरींत टाकायचे तेच हे पोटॅशियम परमँगनेट. बाबांच्या राखेत तेच मिसळलेलं. स्वच्छ पाण्यात त्याचा गुलाबी रंग टिकतो. पाण्यात घाण असेल तर ती घाण रंग खाऊन टाकते आणि पाणी तपकिरी होतं. पुडीला माणसाची जीभ कळत नाही, आळीही कळत नाही. तिला फक्त घाण कळते. काठ्या घेऊन आलेल्यांपैकी एकानं विचारलं, घाण आली कुठून? खालच्या आळीचा एक म्हातारा म्हणाला, चला, खणून बघू.

त्याच काठीवाल्यांनी कुदळी आणल्या. खालच्या आळीच्या तोंडाशी पाइप गटाराच्या पोटातून गेला होता आणि नेमका तिथंच त्याचा जोड निखळला होता. नळ बंद झाला की गटाराचं पाणी पाइपात शिरायचं. लोहार खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्यानं वाकून तो जोड हातात घेतला, कितीतरी वेळ धरून ठेवला आणि घरी गेला.

या गडबडीत बाबा कधी सटकले ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसांपुढे खालची आळी एकेक करून बोलली आणि वरची आळीही बोलली. पाइपलाइन नव्यानं टाकावी लागली. मेव्हण्यावर आणि प्रमुखावर चौकशी बसली. शिंपिणीची पोर वाचली, पण केस सगळे गळले आणि पुन्हा चालायला शिकावं लागलं. सासू आता पाणी उकळल्याशिवाय कुणाला घोटभर देत नाही. लोहाराच्या बायकोनं शिंपिणीशी बोलायला बराच काळ घेतला.

निवांतबाबा आज दुसऱ्या कुठल्या तरी गावात असतील. ज्या गावाला गप्प बसवण्यात कुणाचा तरी फायदा असतो, तिथं असे बाबा बरोबर पोहोचतात. म्हणून एवढंच सांगायचं: तक्रारीनं पाणी नासत नाही, पाणी नासतं म्हणून माणूस तक्रार करतो. कुणी चमत्कार दाखवून तुम्हाला गप्प राहायला सांगितलं, तर हात जोडण्याआधी दोन पेल्यांची अदलाबदल करून बघा. आणि घरात लेकरू आजारी पडलं, तर पाप कुणाचं हे शोधत बसू नका. पाणी कुठून येतं, ते बघा.