पायाची विभक्ती

कारागीर कृत्रिम पाय बनवायचा आणि काम करताना पुटपुटत राहायचा. बाहेरच्या टेबलावर बिलं सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोला याची सवय होती. बेकरीवालीला नव्हती.

"कोणाला शिव्या घालताय?" तिने विचारलं. अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. नवा पाय पिशवीत घालून, कुबड्यांवर, ती तो पुन्हा दुरुस्तीला घेऊन आली होती. "आणि हा तुमचा पाय टोचतो बरं का."

"माझा नाही ताई, तुमचा. आणि या शिव्या नाहीत, भाषा आहे. मीच रचलेली. कॉलेजात असल्यापासून रचतोय."

"बोलतं कोण?"

"मी."

"आणि समजतं कोणाला?"

"तेही मलाच," मान खाली घालून कानस चालवत तो म्हणाला.

अपघातानंतर बेकरीवाली पहिल्यांदाच खळखळून हसली. मग तिने खोदून खोदून विचारलं, तसा तो खुलला. आपण म्हणतो 'मला बहीण आहे', पण 'माझ्याकडे छत्री आहे'. 'माझ्याकडे बहीण आहे' असं कोणी म्हणत नाही. या फरकाने त्याला झपाटलं होतं. म्हणून त्याच्या भाषेत षष्ठी विभक्ती एक नव्हे, दोन होत्या. जन्माबरोबर आलेलं, तोडता न येणारं जे माझं, ते 'सायेल': हात, आई, सावली. मिळवलेलं, हरवू शकणारं जे माझं, ते 'साओक': छत्री, सायकल, घर.

"मग हा?" तिने पिशवीकडे बोट दाखवलं.

"साओक," तो पटकन बोलून गेला.

तिचा चेहरा पडला. "म्हणजे छत्रीच. बसमध्ये विसरले तरी चालेल."

तेवढ्यात बाहेरून बायकोचा आवाज आला, "आणि बायको कशात येते हो?"

कानस थांबली.

"बोला की!"

"लग्न काही... जन्माबरोबर येत नाही ना," तो चाचरला.

बायको दारात येऊन उभी राहिली. "इतकी वर्षं मला छत्रीच्या रांगेत बसवलंत? मग आज जेवण छत्रीलाच मागा!"

दोघी हसल्या. कारागिराला मात्र हसू येईना. आपण बनवलेले किती तरी पाय घराघरांत दारामागे पडून असतात, हे त्याला ठाऊक होतं. दोष तो नेहमी मापात शोधायचा.

या वेळीही त्याने आधी मापच पाहिलं. नडगीचं हाड जिथे घासत होतं तिथे पायाची खोबण खोल केली, आत मऊ अस्तर लावलं. पण पुढच्या खेपेला ती आली तेव्हा आधी त्याने विभक्तीचा विषय काढला.

"नियम बदललाय, ताई. कुठली विभक्ती लावायची ते भाषा रचणारा ठरवणार नाही. ज्याचं त्याने ठरवायचं. आज साओक असलेलं उद्या सायेल होऊ शकतं."

"मी सायेल," बाहेरून बायको म्हणाली. "लिहून घ्या."

"आणि मला तसं कधी वाटलंच नाही तर?" बेकरीवालीने विचारलं.

"तर साओक राहील. त्यावरही चालता येतं."

तिने पाय चढवला, दोन्ही बाजूंचे दांडे धरले आणि खोलीच्या त्या टोकापर्यंत जाऊन आली. टोचलं नाही. त्या दिवशी पाय पिशवीत गेला नाही.

महिनाभराने कारागीर पाव आणायच्या निमित्ताने तिच्या बेकरीत डोकावला. ती भट्टीपाशी उभी होती, कुबड्या कुठे दिसत नव्हत्या. गरम ट्रे बाहेर ओढताना तिच्या हातून निसटला आणि थेट डाव्या पायावर आदळला.

"आई गं! माझा पाय!" ओरडत ती खाली वाकली आणि दोन्ही हातांनी तिने तो धरला.

गिऱ्हाइकं धावली. "लागलं का हो?"

तिने बुटाचं टोक चाचपलं. मग कारागिराकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.

"लागेल कसं? पण जीव घाबरला ना त्याच्यासाठी. सायल... काय ते?"

"सायेल," तो कसाबसा म्हणाला.

"हां, सायेल." विखुरलेले पाव गोळा करत ती म्हणाली, "मग आता हे सांगा. भट्टीतून निघालेला, पण अजून विकला न गेलेला पाव कशात घालायचा? तो धड माझा नसतो, धड गिऱ्हाइकाचाही नसतो."

कारागीर विचारात पडला. "त्याला तिसरी षष्ठी लागेल."

"मग करा की. बसा त्या स्टुलावर, चहा सांगते."